तीन वर्षांच्या पोरीची परीक्षा

(ताडीवाला रोडवरच्या अभ्यासवर्गातलं भाषण. बोललं गेलं तसंच ठेवलं आहे.)



खासगी शाळेच्या प्रवेशासाठी पोराला तयार कसं करायचं, या विषयावर आज मला बोलायला सांगितलंय. विषय ऐकून आपलेच दोनतीन कार्यकर्ते नाराज झाले. चळवळीच्या वर्गात हा काय विषय झाला, म्हणाले. हे कोथरूड-औंधच्या फ्लॅटमधलं बोलणं, उद्या केक करायचेही वर्ग घ्याल.

मी त्यांना एकच विचारतो. या वस्तीत यंदा किती घरांनी इंग्लिश मीडियमचे फॉर्म आणलेत? हात वर करा. ...बघा. आता मोजा. विषय आपल्या घरात शिरून चटईवर बसलाय, आणि आपण म्हणतोय हा आपला विषय नाही!

आणखी एक. मी इथं तज्ज्ञ म्हणून आलेलो नाही. गुन्हेगार म्हणून आलोय. आधी गुन्हा कबूल करतो, मग भाषण.

माझी आई तीस वर्षं हातगाडीवर भाजी विकते. पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, सातला गाडी लागते, रात्री नऊला घरी. त्या गाडीवर आम्ही तीन भावंडं शिकलो. मी पदवी घेतली, एका कंपनीत हिशेबाचं काम धरलं, दोन खोल्यांना फरशी बसवली. पोरगी झाली तेव्हा ठरवलं, हिला इंग्लिश मीडियम. तेही साधंसुधं नाही, नाव असलेलं.

फॉर्म आणला. त्यावर छापलेलं, बालक आणि पालक यांच्याशी 'इंटरॅक्शन' होईल. परीक्षा म्हणायचं नाही, मुलाखतही म्हणायचं नाही. त्या शब्दांना कायदा आडवा येतो. इंटरॅक्शन म्हणजे गप्पा! शाळेनं गप्पा मारायच्या आणि त्या गप्पांवरून पोर निवडायचं.

पोरगी सव्वातीन वर्षांची. तीन महिने मी तिला घोटलं. कामावरून आलो की बूट काढायच्या आत सुरू. व्हॉट इज युवर नेम? व्हॉट कलर इज धिस? सर्कल कुठंय, ट्रँगल कुठंय? भिंतीवर तक्ते. एका क्लासवालीला पैसे मोजले. ती पोरांपेक्षा पालकांनाच जास्त शिकवायची. हसायचं कसं, बसायचं कसं, आजी काय करते विचारलं तर 'रिटायर्ड' म्हणायचं. आई गाडी लावून दमून यायची, नात तिच्याकडं धावायची, आणि मी म्हणायचो, "आई, तिच्याशी जास्त बोलू नकोस, तिची भाषा बिघडते." ज्या तोंडानं 'मेथी घ्या, कोथिंबीर घ्या' ओरडून माझी फी भरली, ते तोंड मी माझ्या पोरीसाठी बंद केलं.

तो दिवस आला. मित्राचा टाय मागून आणला होता. आत दोन बाया. गोड आवाज, समोर चित्रं. एकीनं भाज्यांचं चित्र पुढं केलं. व्हेअर डझ मम्मा कीप द व्हेजिटेबल्स, बेटा? पोरगी गप्प. बाईनं मराठीत विचारलं, भाज्या कुठं ठेवतात? पोरीचा चेहरा उजळला. मोठ्यानं म्हणाली, "आजीच्या गाडीवर!" बाईला वाटलं मोटार. विचारलं, कुठली गाडी? पोरगी म्हणाली, "हातगाडी. तिला चार चाकं आहेत. एक वाकडं आहे."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. वाईट काही बोलल्या नाहीत. फक्त हसल्या, आणि एकीनं कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या.

गेटबाहेर आलो आणि मी माझ्या पोरीच्या थोबाडीत मारली.

हा गुन्हा. यादीत नाव आलं नाही, ते सोडा. पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलायला लागली ती अडखळत. शब्द तोंडात आला की आधी माझ्याकडं बघायची, हा चालेल का म्हणून. आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं हातही थांबवला नाही. म्हणाली, "पोरीनं खरं सांगितलं. लाज तिला नाही वाटली, तुला वाटली. माझ्या गाडीची लाज वाटली तुला."

दोस्तहो, त्या रात्री मी पहिल्यांदा विचार केला की ही परीक्षा नेमकी कुणाची होती?

सव्वातीन वर्षांच्या पोरीनं चार मोजले. चारांतलं एक वाकडं आहे हे ओळखलं. अनोळखी माणसासमोर न भिता पूर्ण वाक्य बोलली. अकलेची परीक्षा असती तर ती पहिली आली असती. पण प्रश्न अकलेचा नव्हताच. प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं होतं, फ्रिजमध्ये. म्हणजे तुझ्या घरात फ्रिज आहे का, तुझी आई भाजी विकत घेते की विकते, सुट्टीत तू कुठं जातेस, जेवायला टेबल आहे की जमीन, हे विचारायचं होतं. जात सरळ विचारता येत नाही, पगार सरळ विचारायची लाज वाटते. मग पोराला विचारायचं. पोर खोटं बोलत नाही, सगळं सांगून टाकतं. ही पोराची परीक्षा नाही, घराची झडती आहे. आणि झडती घ्यायला तीन वर्षांचं लेकरू पंच म्हणून उभं केलंय!

हे आजचं नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. शाळेनं नाकारला. अर्ज मुंबई सरकारपर्यंत गेला. सरकार काय म्हणालं? न्याय मुलाच्या बाजूनं आहे हे मान्य, पण एकट्या मुलासाठी बाकीच्यांच्या समजुती दुखवून शाळा मोडायची नाही. म्हणजे तू पात्र आहेस, पण आत येऊ नकोस. त्या मुलाचं नावसुद्धा आपल्याला कुणी शिकवलं नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत लिहून ठेवली. आणि ते स्वतः साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसले. तेव्हा गोणपाट दिसायचं. आता गोणपाट प्रश्नात शिवलंय.

आणि हे पुणं! याच शहरात बुधवार पेठेत भिडेवाड्यात १८४८ साली जोतिबा-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. २०२३ मध्ये तो पडका वाडा स्मारकासाठी उतरवला. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मांगाची पोर मुक्ता साळवे चौदा वर्षांची असताना महारमांगांच्या दुःखावर निबंध लिहिते, आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. तिला आत घेताना कुणी विचारलं होतं का, तुझी आई भाजी कुठं ठेवते म्हणून? शाळा निवडण्यासाठी नव्हती, शिकवण्यासाठी होती. एवढाच फरक आहे, आणि तोच सगळा फरक आहे.

१८८२ साली जोतिबांनी हंटर कमिशनपुढं मागणी केली की बारा वर्षांपर्यंत तरी शिक्षण सक्तीचं करा. तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या घामानं आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्यांवर, हे त्यांनी गोऱ्या साहेबाला तोंडावर सांगितलं. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर बापाला दंड! त्या काळी पोर शाळेत नाही म्हणून बापाला दंड होता. आज बाप पोर घेऊन दारात उभा आहे आणि शाळा म्हणते, आधी लायकी दाखव. नदीपलीकडं येरवड्याच्या तुरुंगात १९३२ साली जो करार झाला, त्याचं राखीव जागांचं कलम सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच करारात असंही आहे की प्रत्येक प्रांतानं शिक्षणाच्या पैशातून पुरेशी रक्कम अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी बाजूला काढायची. ते कलम आपण विसरलो, त्यांनी बरं विसरायला लावलं.

सातासमुद्रापलीकडंही हेच. १९०५ साली पॅरिसमध्ये बिने नावाच्या माणसानं पोरांसाठी चाचणी बनवली. कशासाठी? कुठल्या पोराला जास्त मदत लागेल ते कळावं म्हणून. ती चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीची चाचणी निवडीची झाली, हलका कोण आणि भारी कोण. कॅलिफोर्नियात काळ्या पोरांना अशाच बुद्ध्यांकावर मतिमंदांच्या वर्गात ढकलत होते. आईबाप कोर्टात गेले. १९७९ साली कोर्टानं सांगितलं, या चाचण्या गोऱ्यांच्या घरावर बेतलेल्या आहेत, काळ्या पोरांना असं ढकलायला त्या वापरायच्या नाहीत. काळ्या आईबापांनी पोराला मारलं नाही, चाचणीला कोर्टात खेचलं. मी पोरीला मारली. फरक बघा.

आता कायदा. कान देऊन ऐका, कारण हा आपल्याला कुणी सांगत नाही.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं कलम १३ म्हणतं, प्रवेश देताना कॅपिटेशन फी घ्यायची नाही आणि पोराची किंवा आईबापाची कसलीही चाळणी लावायची नाही. चाळणी म्हणजे काय तेही कायद्यातच सांगितलंय, सोडत सोडून एका पोराला दुसऱ्यापेक्षा सरस ठरवायची कुठलीही रीत. चाळणी लावली तर पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढं प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. कॅपिटेशन फी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत.

मग इंटरॅक्शन कशी चालते? फट आहे म्हणून. कायदा सहा ते चौदा वयाचा, आणि आपलं पोर नर्सरीत जातं तीन वर्षांचं. शाळा म्हणते, नर्सरी कायद्यात येत नाही. नर्सरीला चाळून घ्यायचं आणि तेच पोर पहिलीत सरळ वर ढकलायचं. म्हणजे दाराला कुलूप कायद्याचं, आणि भिंतीला भगदाड! १९९३ साली यशपाल समितीनं स्पष्ट सांगितलं होतं की नर्सरीच्या प्रवेशाच्या चाचण्या आणि मुलाखती बंद करा. तीसहून जास्त वर्षं झाली. भगदाड बुजवा ही मागणी आपली असली पाहिजे. मोर्चाच्या फलकावर ती आजवर मी बघितलेली नाही.

दुसरं, २५ टक्के. विनाअनुदानित खासगी शाळेनं पहिलीच्या वर्गात, आणि पूर्वप्राथमिक वर्ग असेल तर तिथंही, चौथा हिस्सा जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पोरांना द्यायच्या. पैसे सरकार भरणार, प्रवेश सोडतीनं. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे कायम केलं. २०१४ च्या निकालानं अल्पसंख्याक शाळा यातून बाहेर गेल्या. आणि २०२४ मध्ये काय झालं ते विसरू नका. फेब्रुवारीत राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. पुण्यात एक किलोमीटरवर सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही असा कोपरा शोधायचा कुठं? म्हणजे हक्क कागदावर आणि जागा गायब. लोक हायकोर्टात गेले. जुलै २०२४ मध्ये कोर्टानं तो बदल रद्द केला, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानंही सरकारचं ऐकलं नाही. हक्क कुणी ताटात वाढला नाही, लढून परत आणला.

आता तुम्ही म्हणाल, बाबा, करायचं काय ते सांग. सांगतो. तयारी तीन जणांची करायची.

पहिली तयारी पोराची. शाळावाले बघतात काय? पोर आईबापाला सोडून बसतं का, नाव सांगतं का, दोन सूचना एकामागं एक पाळतं का, खडू धरतं का, रंग-आकार वेगळे काढतं का. याला क्लासवाली कशाला हवी? मटार सोलायला बसवा, बोटांची पकड येते. कांदे एकीकडं, बटाटे एकीकडं करायला सांगा, वर्गीकरण झालं. 'आधी ताट आण, मग पाणी आण' म्हणा, दोन सूचना झाल्या. पायऱ्या मोजत जिना चढवा. शेजारच्या मावशीकडं तासभर ठेवा. रात्री गोष्ट सांगा, आपल्या भाषेत सांगा. ज्या पोराला एका भाषेत भरभरून बोलता येतं, त्याला दुसरी भाषा येते. ज्याची पहिलीच भाषा आपण दाबली, ते दोन्हींत मुकं होतं. माझ्या घरात बघितलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला, मग कोसबाडला बालवाडी आदिवासींच्या अंगणात नेली. पानं, बिया, दगड हेच साहित्य. आपली हातगाडी त्यापेक्षा काय कमी आहे?

इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. इंग्रजी हवीच, दात विचकून हवी. पण इंग्रजी शिकवायला शाळेनं पोर आत घ्यायचं असतं. पोर इंग्रजी घेऊन आलं तर शाळा कशाची, ती तर जकातनाका!

आणि पोराला एक वाक्य जरूर शिकवा, "मला माहीत नाही." ताठ मानेनं म्हणायचं. घराबद्दल खोटं शिकवू नका. आजी 'रिटायर्ड' आहे असं पोराला पढवलं की पोर एकच गोष्ट शिकतं, माझं घर लपवायचं असतं. मग ते आयुष्यभर लपवतं. कॉलेजात आडनाव लपवतं, ऑफिसात वस्ती लपवतं. पहिला धडा आपणच दिलेला असतो.

दुसरी तयारी आपली, म्हणजे कागदांची. पोराचा जन्मदाखला, जातीचा दाखला, राहण्याचा पुरावा फॉर्म निघायच्या आधी तयार ठेवा. भाड्याच्या खोलीत असाल तर नोंदणी झालेला करारनामा मागतात. घरमालक टाळाटाळ करतो, म्हणून आत्तापासून मागं लागा. अनुसूचित जातीच्या पोराला २५ टक्क्यांत उत्पन्नाची अट नाही, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं. अर्जात घराची खूण नकाशावर नीट लावा. खूण चुकली की अंतर चुकतं आणि अंतर चुकलं की जागा गेली. वय बघा. पहिलीला ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण, नर्सरीला तीन. वयाचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीला कुणी प्रवेश नाकारू शकत नाही, हेही कायद्यात आहे. पैसे मागितले तर पावती मागा. नाकारलं तर कारण लेखी मागा. लेखी तक्रार महापालिकेकडं द्या आणि पोच घ्या. कायद्यानं तीन महिन्यांत निकाल द्यावा लागतो, नाही पटला तर बालहक्क आयोगाकडं अपील. तोंडी भांडण हवेत जातं, कागद कपाटात राहतो.

प्रवेश मिळाला की काम संपलं असं समजू नका. २५ टक्क्यांतल्या पोरांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, असं नियम सांगतात. जाऊन बघा. मागच्या बाकावर सगळी आपलीच पोरं दिसली तर समजा, गोणपाट परत आलं.

तिसरी तयारी वस्तीची. एकटा बाप त्या खुर्चीवर बसला की घाबरतो. मी घाबरलो होतो. दहा बाप एकत्र गेले की शाळेचा आवाज बदलतो. या विहारात दर रविवारी दोन तास फॉर्मचं टेबल लावा. ज्याला कॉम्प्युटर येतो तो बसेल, ज्याला कायदा कळतो तो बसेल. आपण ज्यांचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरवाल्यांनी १९६९ मध्ये ओकलंडला पोरांना फुकट नाष्टा द्यायला सुरुवात केली, पुढं स्वतःची शाळाही चालवली. भाषणं त्यांनीही केली. पण सकाळी पोरांच्या ताटात खाणं वाढलं, म्हणून आया त्यांच्या मागं उभ्या राहिल्या.

आता नाराज मित्रांना उत्तर देतो. ते म्हणतात, खासगीच्या दारात जायचंच कशाला, महापालिकेची शाळा सुधारा. बरोबर आहे. मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं. पण ज्या साहेबांच्या, नगरसेवकांच्या हातात महापालिकेची शाळा आहे, त्यांची पोरं तिथं शिकतात का? आपण पोरं काढली, त्यांनी तर कधी घातलीच नव्हती. तेव्हा दोन्ही लढाया एकाच वेळी लढायच्या. खासगीतला २५ टक्क्यांचा हक्क सोडायचा नाही, तो आपल्या कराच्या पैशाचा हक्क आहे, मेहेरबानी नाही. आणि महापालिकेच्या शाळेत शिक्षक किती, संडासात पाणी आहे का, याचा हिशेबही सोडायचा नाही. बहुतेक पोरं अजून तिथंच आहेत. एकाचं पोर वर चढलं म्हणून नव्व्याण्णवांचा जिना मोडू द्यायचा नाही.

माझी पोरगी आता तिसरीत आहे. कुठल्या शाळेत ते सांगत नाही, शाळेची जाहिरात करायला मी आलो नाही. अडखळणं कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. दर रविवारी ती आजीबरोबर गाडीवर बसते आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून देते. तिच्या पाया पडून माफी मागितली असती तरी तिला कळलं नसतं. म्हणून मी एक केलं. एका रविवारी ते वाकडं चाक दोघांनी मिळून काढलं आणि नवं बसवलं. ती म्हणाली, "पप्पा, आता चारही सरळ."

दोस्तहो, तुमच्यातल्या कुणाचा हात उद्या गेटबाहेर उठायच्या बेतात असेल, तर तो तिथंच थांबवा. त्या हातानं कागद धरा, आणि शेजाऱ्याचा हात धरा.

जयभीम.